उसापलीकडच्या राज्यातली पायाळू

माझी आक्का पायाळू, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेलं माणूस. आमच्या शिरूर कासारच्या बाजूला अशा माणसाला मान असतो. वाकताना कुणाच्या पाठीत चमक भरली, त्याला आम्ही उसण म्हणतो, की पायाळू माणसाच्या दारात यायचं, पालथं पडायचं आणि त्यानं कमरेवरून पाय फिरवायचा. उसण निघते. कशी निघते, असं विचारायचं नसतं. मी विचारायची, आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, ‘हिला पयलं गप करा.’

मी स्वतः डोक्यानं आले, साऱ्या जगासारखी. लहानपणी त्याचं मला इतकं वाईट वाटायचं की एकदा आईला विचारलं होतं, मला परत जन्माला घालता येईल का. आई भाकरी थापत होती. ‘एकदा घातलंय तेच लई झालं,’ ती म्हणाली.

आई-वडील ऊस तोडायला जात. दिवाळी झाली की मुकादमाचा, म्हणजे टोळी जमवून कारखान्याला नेणाऱ्या माणसाचा, ट्रक यायचा. भांडी, अंथरुणं, शेळी, कोंबड्या आणि आम्ही दोघी त्यात चढायचो आणि पुढचे कितीतरी महिने कारखान्याच्या आसपासच्या रानात पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, काढायचो. दिवसभर वाकून ऊस तोडायचा आणि वर मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, त्यामुळं टोळीत कंबर धरली नाही असं माणूस नसायचं. संध्याकाळी चुली पेटल्या की आमच्या कोपीसमोर दोन-चार जण पालथे पडलेले असत. मोठी मोठी मिशाळ माणसं, दिवसा आमच्यावर खेकसणारी. माझी सात-आठ वर्षांची आक्का फ्रॉक सावरत त्यांच्या कमरेवर पाय ठेवायची. तिचा चेहरा तेव्हा तहसीलदारासारखा व्हायचा.

या मानाला एक दंडही होता. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. आभाळ भरून आलं की आक्काला कोपीबाहेर पाऊल टाकू देत नसत. आम्ही बाकीची पोरं चिखलात लोळायचो आणि ती कोपीच्या तोंडाशी गुडघे पोटाशी घेऊन बसायची. त्या वेळेपुरता मला डोक्यानं आल्याचा आनंद व्हायचा.

एकदा आक्का तापानं पडली होती आणि टोळीतले एक म्हातारबा कण्हत आले. मी विचार केला, बहीण तर आहे मी तिची, थोडं तरी आलं असेल माझ्या वाटणीला. म्हातारबा पालथे झाले. मी पाय फिरवला. ते म्हणाले, ‘जरा जोर लाव गं बाई.’ मी दोन्ही पायांनी उडी मारली. त्यांच्या ओरडण्यानं पलीकडच्या कोपीतली माणसं काठ्या घेऊन धावत आली, त्यांना वाटलं कोपीत लांडगा शिरला. त्या हंगामात म्हातारबा मला पाहिलं की कंबर धरून लांबून जायचे.

आमचं राज्य त्याच काळातलं. मोठी माणसं तोडीला लागली की आम्ही दोघी फडाच्या कडेला बसून त्या दाट उसाच्या आत काय आहे ते ठरवायचो. उसापलीकडचं राज्य, असं त्याचं नाव. तिथले बैल बोलत आणि पटलं नाही तर गाडी ओढायला सरळ नकार देत. तिथला राजा कारखान्याच्या धुराड्यात राहायचा आणि गोड वासाचा धूर सोडून लोकांना गुंगीत ठेवायचा. त्याच्याशी लढणाऱ्या बायका होत्या आणि त्यांच्या पायांत जादू होती. त्या पाय टेकतील तिथं तोडलेला ऊस पुन्हा उभा राहायचा. अडचण एकच होती. टोळी रोज ऊस तोडत पुढं सरकायची आणि आमचं राज्य मागं मागं जायचं. फड संपला की राज्यही संपायचं आणि दुसऱ्या फडात ते नव्यानं वसवावं लागायचं.

भांडण व्हायचं ते जादूवरून. आक्काचा कायदा असा की जादू जन्मताना सोबत आणावी लागते. म्हणजे जादूगारीण कायम ती आणि मी कायम बैल. बोलणारा असला तरी बैलच.

‘शिकून कावून येनार न्हाई?’ मी तणतणायची. ‘तू कसं करतीस ते मी रोज बघते की.’

‘बघून काय व्हतंय? ते आत असावं लागतं.’

‘आत म्हंजी कुठं?’

ती स्वतःच्या टाचेकडं बोट दाखवायची. माझ्या टाचेत फक्त काटे असायचे.

शेवटी रुसून, रडून, शेळीचं दूध तिच्यासाठी चोरून आणून मी एक सवलत मिळवली. शिकणाऱ्याला जादू येईल, पण दिवेलागणीपर्यंतच. मग ती अंगातून उतरणार, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पहिल्यापासून शिकायची. मला तेवढं पुरलं. दिवसभर तरी बैल व्हायचं टळलं.

पुढच्या हंगामाला मला मागं ठेवलं. शिरूरला ऊसतोड करणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह होतं, तिथं माझं नाव घातलं. आक्काचंही घालावं असं वडिलांच्या मनात होतं. पण टोळीनं कालवा केला. पोरगी संगं असली म्हणजे कंबरेचा घोर नाही, असं सगळ्यांचं म्हणणं, आणि मुकादमालाही ते सोयीचं होतं. आईचा विचार सरळ होता. थोरलीपाशी देवानं दिलेलं काहीतरी आहे, तिचं कुठंही निभेल. बारकीपाशी काहीच नाही, तर तिला शिकवू. बारकी म्हणजे मी. ट्रक निघाला तेव्हा मी वसतिगृहाच्या फाटकाला लोंबकळून बोंबलत होते, कारण राज्य आक्काबरोबर चाललं होतं.

मी शिकत गेले. आता बीडला एका कोचिंग क्लासमध्ये विज्ञान शिकवते. एसटी स्टँडपासून आमच्या क्लासपर्यंत एकही खांब असा नाही की ज्यावर गुणवंत पोरांचे फोटो नाहीत. पालक भेटायला येतात. एक म्हणतात, ‘म्याडम, आमचं पोरगं मुळातच हुशार हाय, फकस्त अभ्यास करत न्हाई.’ दुसरे म्हणतात, ‘आमच्याला डोकंच न्हाई, तुमी कितीबी शिकवा.’ दोघांनाही मी चहा पाजते आणि दोघांचाही मला सारखाच राग येतो.

आक्काचं लग्न शिरूरजवळच्याच एका गावात झालं. तिच्याकडं दुसरीपर्यंतची अक्षरं आहेत. एसटीची पाटी वाचते, फोनमधली नावं वाचते, जोडाक्षर आलं की फोन नवऱ्याकडं टाकते. सासरी ती गेली तीच पायाळू म्हणून. सासूनं तिला पहिल्या दिवसापासून कधी घालूनपाडून बोललं नाही, आणि आमच्याकडच्या सासवा पाहता हे थोडंथोडकं नाही. टोळ्या माघारी आल्या की चैत्र-वैशाखात तिच्या दारात माणसांची रीघ लागायची. पाटोद्याकडून, गेवराईकडून, कुठून कुठून माणसं यायची, आणि परत जाताना ताठ चालत जायची.

मी सुट्टीत गेले की ओट्यावर बसून तिला बघत राही. माणूस दारातून आत येईपर्यंत तिनं त्याची चाल हेरलेली असायची. बसताना कुठला हात टेकतो, खोकताना तोंड कसं करतो, हे ती बघत असे आणि तोंडानं मात्र पाऊसपाण्याचं विचारत असे. मग तापवलेल्या विटेवर टाच शेकायची, दाराच्या चौकटीला धरून अंगाचं वजन तोलायची आणि हळूहळू ते खाली सोडायची. काहींना ती पायच लावत नसे. ‘ही उसण न्हाई, मुतखडा हाय, दवाखान्यात जा,’ म्हणून वाटेला लावायची.

‘आक्का, हे तू शिकलीयस,’ मी म्हणायची.

तिला ते शिवीसारखं लागायचं. ‘म्या कवा शिकले? माझं हे जल्माचं हाय.’

आणि मग काही वर्षांपूर्वी मी आमच्या राज्याची कादंबरी लिहायला घेतली. मुलांसाठी. बोलणारे बैल, धुराड्यातला राजा, सगळं तेच. फक्त नायिका मी अशी घेतली की जिच्या टाचेत काही नाही आणि तरी तिला जादू शिकायचीय. दर रविवारी दुपारी मी आक्काला फोन करून त्या आठवड्याचं लिहिलेलं सांगायची. राज्यात निम्मी मालकी तिची होती, तिला न विचारता लिहिणं बरं दिसलं नसतं. बैलांचं तिला फार आवडायचं. त्यांचे संवाद तर ती मला सुचवायची, आणि ते माझ्यापेक्षा बरे असायचे. नायिकेचं नाव निघालं की मात्र तिचा आवाज चढायचा.

‘शिकून जादू यायला लागली तर मग तसं जल्माला येऊन उपेग काय?’

‘आणि जन्मालाच यावं लागत असेल तर बाकीच्यांनी काय करायचं?’

‘बैल व्हायचं,’ ती म्हणायची आणि खदाखदा हसायची.

मला हसू यायचं आणि चीडही यायची. चाळिशी आली तरी मी तेच भांडण हरत होते.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडं बीडला असते. असाच एक रविवार. आई खाली बसून तांदूळ निवडत होती आणि आक्काला सांगायच्या आधी मी तिला एक प्रकरण वाचून दाखवत होते. राज्यातली एक म्हातारी नायिकेला सांगते की जी पायांनी जगात आली तिलाच ही विद्या, तुझं काम नाही.

‘कुणावरून लिवलंस हे?’ आईनं विचारलं.

‘आक्कावरून. दुसरं कोण पायाळू आहे आपल्यात?’

आईनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. ‘ती कुठली पायाळू? डोक्यानंच आली की.’

मला वाटलं, वयाप्रमाणं काहीतरी बोलतेय. पण आई बोलतच गेली, सुपावरची नजर न काढता. आक्का कोपीतच जन्मली, ऐन हंगामात. पहिलीच खेप. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, त्याच टोळीत होती आणि कोपीबाहेर बसली होती. मुलगी झाली असं कळल्यावर ती म्हणाली, हंगामात तोडीचे हात अडकले ते अडकले, आणि वर पोरगी. ‘शब्द काय न्हाई गं,’ आई म्हणाली, ‘तसं समदीच बोलत्यात. पन तिचा आवाज ऐकला मी. ही पोर हिच्या हाताखाली वाढनार न्हाई, आसं वाटलं मला.’ बाळंतपण करायला टोळीतलीच एक म्हातारी होती. आईनं तिचं लुगडं मुठीत धरलं आणि सोडेचना. म्हातारीनं आईकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. मग कोपीच्या तोंडाशी जाऊन ओरडली, ‘पायाळू हाय, पायाळू! नशीब काढलंसा!’

‘आणि मग?’

‘मग काय. त्याच दिशी तुझ्या आजीनं तिला मांडीवर घेतली. गूळ वाटला टोळीत.’

जे विचारू नये तेच मी विचारलं. ‘माझ्या वेळेला का नाही सांगितलं तसं?’

‘एका घरात दोन-दोन पायाळू कोन मानील गं?’ आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मी पोट धरून हसले. आयुष्यभर हरत आलेलं भांडण मी बसल्याजागी जिंकले होते. तिच्या टाचेतही माझ्याइतकेच काटे होते. जे काही तिला येत होतं ते तिनं पालथ्या पडलेल्या शेकडो पाठींवरून शिकून घेतलं होतं, आणि स्वतःलाही त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. मला फोन उचलून तिला आत्ताच्या आत्ता सांगावंसं वाटलं. आईनं माझा हात धरला. ‘तिला सांगू नको. तिचं समदं त्याच्यावर उभं हाय.’ मी नाही सांगितलं. त्या रविवारी मी फक्त बैलांचं वाचलं.

त्यानंतरच्या चैत्रात आक्काची धाकटी जाऊ तोडीवरून आली. एकाच घरात राहतात, दोघींचं पटतं. जावेची कंबर हंगामभर दुखत होती. आल्या आल्या ती आक्कासमोर पालथी पडली आणि आक्कानं पाय लावला. संध्याकाळी जावेला उठता येईना. डावा पाय उचलेना. तिला बीडला आणलं, तेव्हा दवाखान्यात मीच सोबत होते. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं मोळ्या उचलून ती झिजलेलीच आहे, आज ना उद्या सरकणारच होती. उपचारांनी पाय हळूहळू हलायला लागला. जाऊ पट्टा बांधून घरी गेली आणि तिनं स्वतः आक्काला सांगितलं, ‘आक्का, तुमचं काय न्हाई त्याच्यात.’

आक्कानं ऐकलं नाही. तिनं पाय लावणं बंद केलं. म्हैस आटते तसा माझा पाय आटला, असं ती मला फोनवर म्हणाली. दारात आलेली माणसं तशीच परत जायला लागली. आपल्या हातून कुठं काय चुकलं हे ती शोधत बसली. एका पौर्णिमेचा उपास मोडला होता ते आठवलं. कुणावर तरी चिडलेली असताना पाय लावला होता ते आठवलं. देवानं दिलेलं आपल्याला जपता आलं नाही, म्हणून त्यानं काढून घेतलं आणि ते जाता जाता जावेला मोडून गेलं, असं तिनं मनाशी पक्कं केलं. तिचा नवरा फोन करून सांगायचा, भाकरीला हात लावत नाही, कोपऱ्यात बसून असते. मी रविवारी राज्याचं सांगायला लागले तर म्हणायची, ‘ऱ्हाऊ दे गं ते.’ बैलांचंसुद्धा नको झालं तिला.

माझं आणि आईचं रोज वाजायला लागलं. माझं म्हणणं, सांगून टाकू. जे कधी नव्हतंच ते देवानं काढून घेतलं म्हणून ती झुरतेय. आईचं म्हणणं, ते काढून घेतलं तर तिच्यापाशी उरलं काय? मला तावातावानं उत्तर देता यायचं, मी शिकवणारी बाई आहे. पण आईनं विचारलेल्या प्रश्नाची मला भीतीही वाटायची. समजा सांगितलं आणि आक्का म्हणाली, म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना फसवत होते, तर? माझी बहीण त्या कोपऱ्यातून उठेल की आणखी आत सरकेल, हे मला खरंच माहीत नव्हतं.

एके सकाळी आई लुगडं बदलून, पिशवी घेऊन दारात उभी राहिली. ‘चल शिरूरला. मीच सांगते. खोटं माझं हाय.’

एसटीत ती सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होती. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. घरात आक्का एकटीच. जाऊ तिच्या माहेरी गेली होती, पुरुष माणसं रानात. आक्का बारीक झाली होती. दोन्ही पाय लुगड्याच्या घोळात झाकून भिंतीला टेकून बसली होती, कुणाला दिसू नयेत असे. तिनं उठून पाणी दिलं. आईनं तांब्या खाली ठेवला आणि पाल्हाळ न लावता सगळं सांगितलं. कोपी, आजी, म्हातारी, लुगडं मुठीत धरलं ते. सांगून झाल्यावर म्हणाली, ‘तू डोक्यानं आलीस, थोरले. समद्यासारखी.’

बाहेर शेळी ओरडत होती. आक्का एकदम उसळून म्हणाली, ‘मंग आभाळ आलं की मला कोपीत कावून कोंडीत व्हता? पोरं भिजायची आन मी बसायचे! आजूनबी बसते मी! परवा वळवाच्या पावसात वाळवन भिजलं समदं, पन मी भाईर गेले न्हाई!’

मला हसू फुटलं. आक्काही हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा चेहरा पडला.

‘म्हंजी माझ्या पायात कवाच काय नव्हतं. आन मी तसल्या पायानं जावेच्या पाठीवर हुबी ऱ्हायले.’

मी ज्याला भीत होते ते हेच. मी सरकून तिच्याजवळ बसले. ‘आक्का, बाकीचे सगळे ताठ होऊन गेले ते कशानं?’

‘मला काय ठावं.’

‘तुला ठाऊक आहे. माणूस दारात आला की तू काय बघतेस?’

ती चिडून म्हणाली, ‘चाल बघते. कुठं टेकतोय ते बघते.’

‘ते देवानं दिलं होतं?’

मग ती हळूहळू, मला नव्हे, स्वतःलाच सांगत असल्यासारखी बोलायला लागली. जाऊ आली तेव्हा तिचा डावा पाय किंचित ओढला जात होता. ते तिला दिसलं होतं. दुसरं कुणी असतं तर तिनं पाय लावला नसता, दवाखान्यात धाडलं असतं. पण घरचीच बाई, इतक्या आशेनं पालथी पडलेली, आणि आपला पाय जन्माचा, देवाचा, त्याला काय होतंय, असं वाटलं. ‘मला दिसलं व्हतं गं,’ ती म्हणाली. ‘पायावर भरोसा ठिवला आन डोळ्यावर न्हाई ठिवला.’

ती रडली. बऱ्याच दिवसांचं साठलेलं होतं. मी तिची पाठ चोळत राहिले. पाठी चोळण्यात मला गती नाही, हे सगळ्या टोळीला माहीत आहे. आई समोर बसून पदराचं टोक पिळत होती. आक्का पाय आटला म्हणेना झाली होती, एवढं माझ्या लक्षात आलं आणि मला हायसं वाटलं. मला वाटलं, कठीण ते सरलं.

आक्कानं तोंड पुसलं आणि आईकडं वळली. आवाज अगदी साधा होता, रागाचा नव्हता.

‘माय, मंग हिला शिरूरला शाळंत ठिवलं, तवा मला कावून नेलं तोडीला?’

‘टोळी सोडंना गं. आन तुझ्यापाशी एक व्हतं काहीतरी. हिच्यापाशी काय व्हतं? म्हनून हिला घातली.’

‘माझ्यापाशीबी न्हवतं की,’ आक्का म्हणाली.

आईनं मान खाली घातली. तिनं हे वाक्य स्वतःशी कितीदा ऐकलं असेल कोण जाणे, पण थोरलीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला दोघींपैकी कुणाकडंही बघवेना. त्या खोट्यानं आक्काला आजीच्या मांडीवर नेलं होतं आणि त्याच खोट्यानं तिला फाटकाबाहेर ठेवलं होतं. आईनं जे केलं त्यावाचून आक्का जगली असती की नाही, मला सांगता येत नाही. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

आक्का उठली. चूल पेटवून चहा टाकला. कपबश्या विसळत पाठमोरी असतानाच तिनं मला विचारलं,

‘तुझ्या त्या राज्यात शिकवायला कोन हाय?’

‘अजून कुणी नाही,’ मी म्हटलं. ‘ते लिहायचंय.’

‘आन केवढ्या बाईला घेत्यात?’

मी म्हटलं, वयाचं मी अजून काही ठरवलेलं नाही.

‘मंग ठरव की लवकर,’ आक्का म्हणाली. ‘मला जायाचंय.’